पैज आपली, पट दुसऱ्याचा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पैज ही काही आपल्या भागाला नवी नाही. धान घरात आलं, थंडी पडली की गावोगावी शंकरपट भरतो. दिवसा बैलजोड्यांची धाव आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. जोड्या सुटायच्या आधी दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं आपसात काहीतरी लावतातच. कोणी चहा लावतो, कोणी शंभराची नोट. जंगलाच्या कडेला, पोलिसांची नजर चुकवून भरणारा कोंबडा बाजारही आपल्याला ठाऊक आहे. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, दोन मिनिटांत एक कोंबडा पडतो आणि नोटा हात बदलतात. तो गुन्हा आहे, क्रूरही आहे, आणि धाडीच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो.

तिसरा प्रकार सट्टापट्टीचा. पानठेल्यावर चिठ्ठी फाडून देणारा माणूस माझ्या पिढीने चंद्रपूर-बल्लारपुरात पाहिला आहे. या मटक्याचा जन्म मुंबईतला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या भावांवर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढायचे आपापले मटके सुरू केले. कापूस गेला, आकडा राहिला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे त्या कापसाची आठवण ठेवून आहेत.

हे सगळं सांगायचं कारण असं की, या तिन्ही पैजा वाईट असल्या तरी त्यांना चारही बाजूंनी कुंपण होतं. पहिलं कुंपण जागेचं. पटावर, बाजारात, पानठेल्यावर जावं लागे. दुसरं वेळेचं. सूर्य मावळला की कोंबडा बाजार उठे, आणि मटक्याचा आकडा दिवसातून दोनदाच फुटे. तिसरं रोकडीचं. खिसा रिकामा झाला की माणूस घरी. आणि चौथं लाजेचं. पानठेल्यावर अब्बांच्या ओळखीचं कोणी भेटलं तर पोरगं चिठ्ठी मुठीत दाबून भलतीकडे बघायचं. ही कुंपणं कोणी मुद्दाम बांधली नव्हती. ती आपोआप होती आणि त्यांनी कितीतरी घरं वाचवली.

२०१६ साली दोन गोष्टी एकदम आल्या. स्वस्त इंटरनेट आलं आणि मोबाइलवरून पैसे पाठवायची यूपीआय सोय आली. दोन्ही चांगल्याच. आज अहेरीतला शेतकरी धानाचे चुकारे जमा झाले की नाही हे बांधावरून पाहू शकतो, एटापल्लीचा विद्यार्थी पुण्याचा वर्ग ऐकू शकतो. पण याच दोन वाटांनी पैजही खिशात येऊन बसली, आणि येताना चारही कुंपणं मोडून आली. जागा नको, वेळ नको, रोकड नको. आणि लाज? पांघरुणात तोंड घालून खेळणाऱ्याला कोण बघतं!

'चाचा, मी तर जिंकत होतो'

मी कवितेचा माणूस. क्रिकेट मला समालोचनापुरतं कळतं आणि यंत्र त्याहूनही कमी. तरी या विषयाकडे वळलो, त्याला आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा कारण झाला. कोळशाच्या ट्रकवर चालक आहे, कष्टाळू आहे. घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेले चाळीसेक हजार रुपये आयपीएलच्या दोन महिन्यांत संपले. बँकेचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला, कारण वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. कागदावर ओळीच ओळी. पन्नास गेले, शंभर गेले, एकशे ऐंशी आले, दोनशे गेले. मोठी रक्कम एकही नाही. तो म्हणाला, "चाचा, मी तर जवळजवळ रोज जिंकत होतो. मग पैसे गेले कुठे?"

प्रश्न खरा होता. तो खोटं बोलत नव्हता, आणि मूर्खही नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं आणि जाणकारांकडून समजून घेतलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्याला वाटत होतं की कुठल्या संघावर लावायचं, किती लावायचं, केव्हा लावायचं हे आपण ठरवतो. प्रत्यक्षात हे तिन्ही निर्णय बऱ्याच अंशी ॲप बनवणाऱ्यांनी आधीच मांडून ठेवलेले असतात. बोट आपलं असतं, पण ते कुठे पडावं याचा विचार दुसऱ्याने केलेला असतो.

पहिला घास गोड

सुरुवात बोनसने होते. 'शंभर भरा, शंभर आमच्याकडून'. माणसाला वाटतं, फुकटचे आहेत, गेले तर गेले. पण बारीक अक्षरात अट असते की हा बोनस पाच वेळा, दहा वेळा फिरवल्याशिवाय काढता येणार नाही. म्हणजे पाचशेचा बोनस हाती यायला पाच हजारांच्या पैजा लावाव्या लागतात. तोवर बोटाला सवय लागते. सवय हाच त्या बोनसचा खरा मोबदला, फक्त तो आपण देतो.

जिथे ॲपच बनावट असतं, तिथे पहिला विजयही पेरलेला असतो. २०२३ च्या जुलैमध्ये नागपूर पोलिसांनी उघड केलेलं प्रकरण आठवत असेल. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगाराची लिंक पाठवण्यात आली. आरंभी तो जिंकत गेला आणि पुढे तक्रारीनुसार त्याचे ५८ कोटी रुपये गेले. संशयिताच्या गोंदियातल्या घरातून पोलिसांनी कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी मोजावं इतकं सोनं जप्त केलं. गोंदिया म्हणजे आपल्या गडचिरोलीचा शेजार. लुबाडणारी माणसं परदेशातच असतात, या भ्रमात आपण राहू नये.

आकडा आधीच भरलेला

आता रकमेचं पाहू. पानठेल्यावर 'किती?' असं विचारलं जायचं आणि माणूस आपल्या तोंडाने रक्कम सांगायचा. ॲपमध्ये चौकटीत रक्कम आधीच भरलेली असते, किंवा १००, ५००, १००० अशी बटणं असतात. वीस रुपये लावायचे तर ते टाइप करावे लागतात; पाचशे लावायला एक स्पर्श पुरतो. माणूस सोपं असेल ते करतो. हा स्वभाव आहे, दोष नव्हे. शिवाय तिथे रुपये दिसतच नाहीत. 'वॉलेट', 'पॉइंट', 'कॉइन' दिसतात. शंभराची नोट देताना हात क्षणभर अडखळतो. कॉइन देताना कशाला अडखळेल?

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून हे शब्द मला खटकतात. आपल्या भाषेत पैसे 'लावतात' आणि पैसे 'हरतात'. या क्रियापदांत धोका आहे, तो ऐकू येतो. ॲपमध्ये कोणी हरत नाही. तिथे 'अंदाज' असतो, 'मत' असतं, 'संघ' असतो, आणि शेवटी 'पुन्हा खेळा' असतं. हार हा शब्द गायब केला की हरल्याचा हिशेब ठेवणंही सुटतं.

चेंडूगणिक पैज

आता त्या मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. पैजेचा धंदा करणारा आपला वाटा भावातच कापून ठेवतो. मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागणार, पण दहा रुपयांचे मिळणार नव्वद. लागण्याची शक्यता दहात एक असताना शंभर मिळायला हवेत. दहा कमी मिळतात. म्हणजे सरासरीने दर शंभर रुपयांमागे दहा रुपये मटकेवाल्याचे.

ॲपवर समजा दोन्ही बाजू सारख्याच आहेत, नाणेफेकीसारख्या. तिथे शंभर लावले आणि जिंकलात तर दोनशे परत यायला हवेत. येतात साधारण १९०. म्हणजे सरासरीने शंभरामागे पाच रुपये गेले. ऐकायला ॲप मटक्याच्या निम्म्याने स्वस्त वाटतं. खेळणारेही हेच सांगतात, 'इथे भाव चांगला मिळतो'.

पण मटका दिवसातून दोनदा. दहा रुपये ओपनला, दहा क्लोजला. दिवसाचा सरासरी तोटा दोन रुपये. टी-ट्वेंटी सामन्यात चेंडू असतात २४०. या चेंडूवर चौकार जाईल का, या षटकात विकेट पडेल का, पुढच्या षटकात दहाच्या वर धावा होतील का, अशी प्रत्येक वळणावर पैज लावायची सोय. समजा आपल्या मुलाने दर चौथ्या चेंडूला फक्त दहा रुपये लावले. साठ पैजा झाल्या, सहाशे रुपये फिरले आणि सरासरीने तीस रुपये गेले. मटक्याच्या पंधरापट. २०२२ पासून २०२५ पर्यंत आयपीएलच्या प्रत्येक मोसमात ७४ सामने झाले. दहाच्या जागी शंभर रुपये धरा, मोसमाचा सरासरी तोटा बावीस हजार दोनशे होतो. आणि चेंडूगणिक पैजेत धंदेवाल्याचा वाटा पाच टक्क्यांहून जास्तही असतो.

म्हणून त्या मुलाचं म्हणणं खरं होतं. साठ पैजांपैकी अठ्ठावीस-तीस तो जिंकत होता. रोज जिंकत होता आणि रोज थोडा झिजत होता. जिंकलेलं लक्षात राहत होतं, कारण त्याला आवाज होता, रंग होता. झीज कधी दिसलीच नाही. पैज केवढी होती यापेक्षा ती किती वेळा झाली, यात त्याचे पैसे गेले.

यात आणखी एक गोम आहे. मैदानात घडलेली गोष्ट मोबाइलच्या पडद्यावर काही सेकंद उशिरा दिसते. जिथे रेंज कमी, तिथे जास्त उशिरा. भामरागडच्या पोराला जो चेंडू अजून पडायचा आहे असं वाटतं, तो पडून गेलेला असू शकतो, आणि भाव ठरवणाऱ्याला ते आधी कळलेलं असतं. कोंबडा बाजारात निदान दोघांच्या डोळ्यांपुढे एकच कोंबडा असतो.

साखळी आणि हुकलेला घास

दुसरी युक्ती साखळीची. पाच वेगवेगळे अंदाज एकत्र बांधा आणि शंभराचे २४७६ मिळवा. पाचही बरोबर आले पाहिजेत. पडद्यावर 'लोकप्रिय' किंवा 'आजची खास' म्हणून अशा साखळ्या तयार करूनच ठेवलेल्या असतात. आता हिशेब पाहा. पाच सारख्या शक्यता एकत्र येण्याची संधी बत्तिसात एक. न्याय्य भाव ३२०० रुपये. मिळणार २४७६. एका पैजेत शंभरामागे पाच रुपये वाटा घेणारा धंदा साखळीत बावीस-तेवीस रुपये घेतो. ज्यात धंद्याचा फायदा सर्वात जास्त, ती पैज पडद्यावर सर्वात वर आणि सर्वात झगमगीत. हा योगायोग नसतो.

साखळीतले चार अंदाज बरोबर येतात आणि पाचवा शेवटच्या षटकात चुकतो. माणूस म्हणतो, 'थोडक्यात हुकलं'. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, थोडक्यात हुकलं की मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे काही भाग जागे होतात. खिशाच्या दृष्टीने हार ती हार. मेंदूला मात्र ती जिंकण्याच्या शेजारची वाटते आणि तो पुन्हा बोट पुढे करतो.

हरलेले पैसे परत आणायचा हट्ट याच्याही पुढचा. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला बरंच मोठं वाटतं. ते दुःख पुसायला माणूस एरवी घेणार नाही असा धोका पत्करतो. पूर्वी या घडीला कुंपण कामी यायचं; बाजार उठलेला असायचा, घरी जाऊन झोपावं लागायचं आणि सकाळी डोकं थंड व्हायचं. ॲपवर पुढची पैज पाच सेकंदांवर असते. रात्री इथला सामना संपला तर जगात कुठेतरी दुसरा सुरूच असतो, कधी टेबल टेनिसचाही, ज्या खेळाडूंची नावंसुद्धा आपण ऐकलेली नसतात.

आणि थांबायचं ठरवलंच, तर पैसे भरायला लागतो एक क्षण. काढायला कागदपत्रं, पडताळणी, 'चोवीस तास थांबा'. त्या चोवीस तासांत वॉलेटमध्ये पडून राहिलेले पैसे खुणावत राहतात. मग फोनवर सूचना वाजते, 'तुमचा आवडता संघ आज मैदानात'. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. तो न खेळण्याचा निश्चय करतो, पण फाशांचा आवाज कानावर पडताच त्याची पावलं तिकडे वळतात. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला निदान आवाजापासून दूर राहायला जंगल होतं. आजचा आवाज उशीखाली असतो.

'हे तर कौशल्य आहे'

शिकलेली मुलं म्हणतात, आम्ही आकड्यावर लावत नाही, खेळाचा अभ्यास करून लावतो. याचंही उत्तर जुनं आहे. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना लॉटरीचं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. मग 'तिकीट परत विकाल का?' असं विचारलं. स्वतः निवडणाऱ्यांनी चारपटींहून जास्त किंमत मागितली. तिकिटं सारखीच होती. निवडल्यामुळे ती 'आपली' झाली होती.

अकरा खेळाडू निवडा, कर्णधार ठरवा, उपकर्णधार ठरवा, अशा खेळांची मोहिनी इथेच होती. निवडण्याला थोडंफार ज्ञान लागतं हे खरं, आणि न्यायालयांनीही अशा खेळांत कौशल्याचा भाग मानला होता. पण लाखो संघ एका स्पर्धेत उतरले की वरचं बक्षीस एकालाच. प्रवेश शुल्कातला कंपनीचा वाटा मात्र कोणीही जिंको, ठरलेला. या उद्योगातल्या ड्रीम११ चं नाव २०२० मध्ये आयपीएलच्या नावालाच जोडलं गेलं आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या छातीवर आलं. देशाच्या जर्सीवर जे नाव होतं, त्यात आपलं पोरगं दीडशे रुपये लावत होतं, तर बाप कोणत्या तोंडाने रागावणार होता?

कायदा आला, पुढे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, चालवायला या कायद्याने मनाई केली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही, हे मला शहाणपणाचं वाटलं. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारच्या वतीने त्या वेळी मांडला गेला. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि जर्सीवरचं नावही गेलं.

म्हणजे प्रश्न सुटला का? महादेव ॲपचं उदाहरण घ्या. ते दूरच्या कुठल्या देशात जन्मलं नाही. ते चालवल्याचा आरोप असलेली माणसं छत्तीसगडमधल्या भिलाईची. ईडीच्या म्हणण्यानुसार मुख्य कारभार दुबईकडून चाले आणि गावोगावच्या 'पॅनल'ना सत्तर-तीसच्या वाट्याने धंदा दिला जाई. म्हणजे दुकानाची फ्रँचाइझी असते तशी सट्ट्याची. गिऱ्हाइकाला फक्त एक व्हॉट्सॲप नंबर मिळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ ॲप आणि संकेतस्थळं बंद करायचा आदेश काढला. पण आपल्याकडची लगवाडी-खायवाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की एक नंबर बंद झाला की दुसरा चालू होतो. नव्या नंबराला कुठल्या दुकानात जागा भाड्याने घ्यावी लागत नाही.

बंदी म्हणजे काय आणि ती कुठे कमी पडते, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतकं कोणाला कळणार? गडचिरोलीत दारूबंदी १९९३ ची. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. गडचिरोलीत बंदीच्या आधी लोकांचं मोठं आंदोलन झालं आणि बंदीनंतरही गावातल्या बायांना राखण करावी लागली. २०१६ पासून 'मुक्तिपथ'सारखं काम उभं करावं लागलं. कायद्याने दार लागतं, पण घरातल्या माणसांना जागं राहावंच लागतं. दारूचा वास तरी येतो. मोबाइलमधल्या पैजेचा वास येत नाही, झोकांड्या जात नाहीत. म्हणून ती उशिरा कळते.

इंग्लंडमध्ये ही पैज कायदेशीर आहे, पण तिथेही नियामकांना कुंपणं पुन्हा बांधावी लागली. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसन्या पैशांवर जुगार बंद केला. ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉट खेळांत दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, आणि लावलेल्यापेक्षा कमी परत आलं असताना विजयाचे नगारे वाजवायला मनाई केली. अडीच सेकंद! हसू येतं. पण त्यांना वेगातच विष दिसलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपण काय करावं

आपल्या भागात मला सर्वात जास्त काळजी वाटते ती उन्हाळ्याची. एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. भल्या पहाटे उठून बाया-माणसं पानं तोडतात, पुडे बांधतात, आणि वर्षातून एकदा चार पैसे एकदम हाती येतात. आयपीएलही त्याच दिवसांत. मजुरी खात्यात जमा होते आणि खातं घरातल्या शिकलेल्या पोराच्या मोबाइलला जोडलेलं असतं. आईने रानात वाकून मिळवलेला पैसा एका षटकात जाऊ शकतो, आणि आईला ते पुढच्या वेळी बँकेत गेल्यावर कळतं.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. आईच्या मजुरीचं खातं आणि मुलाचा खर्चाचा मोबाइल वेगळा ठेवा. बँकेत जाऊन रोजच्या ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. खेळणाऱ्याने जिंकल्याचा हिशेब ठेवू नये. महिन्याला खात्यातून किती गेले आणि किती परत आले एवढे दोनच आकडे वहीत लिहावेत. त्या मुलाला मी हेच करायला लावलं. दोन तास लागले. बेरीज झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता अब्बांना सांगतो." सांगितलंही. ते रागावले आणि मग दोघांनी मिळून पैसे परत साठवायला घेतले.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. ज्याला थांबायचं असून थांबता येत नाही, त्याला नुसतं रागावून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे बोलता येतं. फसवणूक झाली असेल तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे. कर्ज झालं म्हणून जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात आलं, तर आधी त्या फोनवर बोला. कर्ज फिटतं.

कुराणात जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द आहे. अरबी जाणकार त्याचं नातं 'युस्र' म्हणजे सुलभता या शब्दाशी जोडतात. कष्टांवाचून, सहज मिळणारं ते मैसिर. दारू आणि जुगार या दोन्हींचा उल्लेख तिथे जोडीने येतो, आणि त्यांत काही लाभ असला तरी हानी मोठी आहे, असं बजावलेलं आहे. मला त्या शब्दातली सुलभता आज वेगळ्या अर्थाने दिसते. मिळणं काही सोपं झालेलं नाही, लावणं तेवढं सोपं झालं आहे.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाचं नाव आपण अभिमानाने घेतो. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथली रीत अशी की, विषय आधी अभ्यास गटात चर्चेला येतो आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने ठरतो. वेळ लागतो. कितीदा बैठक होते आणि निर्णय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरच्या माणसाला ही दिरंगाई वाटते, पण जंगलासारखी मोठी ठेव त्या गावाने अशीच सावकाश सांभाळली. घरातल्या तरुण पोरांशी पैशाबद्दल बोलताना आपणही थोडं तसं बसायला हवं. सामना सुरू व्हायच्या आधी, टीव्ही बंद करून, वही मध्ये ठेवून.